टॉवेलची शिडी

३ नोव्हेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच कचऱ्यात टाकणार असशील तर दोन मिनिटं थांब. जुनं काही उकरायला लिहीत नाही. कामाचं विचारायचं आहे. फोन तू उचलत नाहीस आणि मी तरी किती वेळा करायचा! पण कुणी कामाचं विचारलं की उत्तर दिल्याशिवाय तुला राहवत नाही, ही तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे. तिचाच फायदा घेते आहे असं समज.

बाथरूम गरम करायची आहे, बाबांसाठी. सप्टेंबरात त्यांची छाती भरली. सोळा दिवस दवाखान्यात होते. तुला कळवू नको म्हणाले आणि मीही मुकाट्याने ऐकलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्याकडून एक नर्सबाई येऊन त्यांना आंघोळ घालतात. बाई कामाला चोख आहेत, पण जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून खोलीचं तापमान मोजायचा थर्मामीटर काढला आणि आरशाच्या खिळ्याला अडकवला. तेरा अंश! "ही बाथरूम आहे की फ्रिज?" म्हणाल्या.

एक डिसेंबरला त्यांचा अहवाल दवाखान्याला जातो. तोपर्यंत ती खोली बावीसवर आली नाही, तर हे घर रुग्णाला राहण्यासारखं नाही असं त्या लिहिणार, आणि मग बाबांसाठी वृद्धाश्रमात जागा बघायची. हे सगळं त्या बाबांच्या समोरच बोलल्या. तेव्हापासून ते आपल्या खोलीतल्या वस्तूंना उगाच हात लावत फिरतात. काल टेबलावरचं घड्याळ पुसून पुन्हा तिथेच ठेवलं, तीन वेळा.

परवा चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर मी बाथरूमचं सामान विकणाऱ्याकडे गेले. त्याने मला टॉवेल गरम करायच्या दांड्या दाखवल्या. भिंतीला शिडी ठोकल्यासारखी दिसते, आडव्या नळ्या, त्यांवर टॉवेल टाकायचा. छोट्या बाथरूमला ही एकटी पुरते, वेगळा हीटर लागत नाही, असं तो म्हणतो. तीन प्रकार आहेत. एक बॉयलरच्या गरम पाण्यावरची, पण बॉयलर आपल्याकडे नाही. दुसरी विजेची, जिच्या आत नुसती तापणारी तार असते. तिसरीही विजेचीच, पण तिच्या नळ्यांत काहीतरी पातळ भरलेलं असतं. शिवाय चकचकीत की पांढरी, मोठी की छोटी. माझं डोकं भणभणलं. त्याला चकचकीतच गळ्यात मारायची आहे एवढं मात्र कळलं.

कुठली घेऊ? एवढंच सांग.

ताई

ता.क. फ्रिजमागच्या सॉकेटवर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे. 'फक्त फ्रिज'. शाई फिकी झाली आहे. हे मी का लिहिलं कोण जाणे.


११ नोव्हेंबर

बारक्या,

आलं तुझं उत्तर! मालाच्या पावतीच्या पाठीवर पाच ओळी, वर ना नाव ना गाव. म्हणजे अजून त्या गोदामातच आहेस. तरी ती पावती मी दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले, आणि एका गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा चढवला. तो म्हणाला, "बाई, मला तुम्ही दोन दिसता." म्हटलं, एकीनेच नाकी नऊ आलेत सगळ्यांच्या.

आता तुझे प्रश्न. खोली साडेसहा फूट बाय पाच, उंची आठ. बाहेरच्या भिंतीत हातरुमालाएवढी खिडकी. ती भिंत विटांची, स्वयंपाकघराकडची पोकळ. दोन्ही ठोकून पाहिल्या, तू शिकवलं होतंस तसं. दाराशेजारच्या भिंतीवर पाणी उडत नाही, शॉवरपासून ती चार फुटांवर आहे.

"बाबा आंघोळीला किती वेळ घेतात" असं विचारलंस. पंचवीस मिनिटं. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी पहिल्या पत्रात गाळली.

बाबा आंघोळीआधी मेन बंद करतात.

अख्ख्या घराचा. आईला त्या बाथरूममध्ये शॉक बसला, ती पडली, खुबा मोडला आणि पाच महिन्यांत गेली, ते तुला मी नव्याने काय सांगू. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. कमरेला पंचा, एका हाताने भिंत धरत बोर्डापर्यंत जातात, मेन खाली ओढतात, दोनदा दिवे लावून बघतात आणि मग आत शिरतात. बाथरूमला खिडकीतून येईल तेवढाच उजेड. हीटर बंद, फ्रिज बंद, मी पीठ दळत असेन तर मिक्सर मध्येच गप्प. नर्सबाई पहिल्या दिवशी किंचाळल्याच. आता त्यांनाही सवय झाली आहे, पण म्हणतात, असलं घर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. त्या खोलीत वीज नको म्हणजे नको. शिडीचं नाव काढलं तर म्हणाले, "एवढी शिडी लावून कुठे चढायचंय मला?" विनोद करत होते, पण म्हणता म्हणता उठून बोर्ड बघून आले.

तर आता सांग, नेमकं आंघोळीच्या वेळीच जिची वीज जाणार, असली विजेची दांडी घेऊन करायचं काय?

तुझी पाचवी ओळ होती, "आधी मी बसवलेला सेफ्टी स्विच काढून नवा बसवा. तो भरवशाचा नाही."

शॉक बसताच वीज तोडायला तू बसवलेल्या त्या स्विचबद्दल आज लिहीत नाही. वायरमन बोलावला आहे.

ताई


१९ नोव्हेंबर

बारक्या,

या वेळी पूर्ण पान! तुझं पान मी दुकानदारापुढे धरलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. चकचकीत नको, पांढरीच हवी, कारण तेवढ्याच मापाची पांढरी जास्त उष्णता देते. पाचशे वॅटच्या खाली नको. तारेवाली नको, ती चटकन तापते आणि चटकन निवते. पातळ भरलेलीच हवी, ती तापायला वेळ घेते पण वीज गेल्यावरही अर्धा तास ऊब धरते. आंघोळीच्या दोन तास आधी चालू करायची, मग बाबांना मेन खुशाल ओढू दे. तिच्यावर एकच टॉवेल टाकायचा, तोही वरच्या दोन नळ्यांवर. दुकानदाराने विचारलं, "तुमचा माणूस या धंद्यातला का?" मी म्हटलं, होता.

सगळ्यात शेवटी तू लिहिलंस, "त्यांना मेन बंद करू नका असं सांगू नकोस. त्यांना भीती वाटत असेल तर शिडीनेच जुळवून घ्यावं." हे वाचून मी दुकानात रडले. दुकानदाराला वाटलं किंमत ऐकून. त्याने घाईघाईने दोन हुक फुकट दिले.

शिडी आणली. खोक्यात आहे, पॅसेजमध्ये, बाबांच्या वाटेत.

काल वायरमन आला. तुझ्याहून वयाने मोठा, कमी बोलणारा. बोर्ड उघडून त्याने बराच वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाला, "कोणी केलंय हे? एक वायर वेडीवाकडी नाही." मी म्हटलं, सेफ्टी स्विच बदलायचा आहे. तो म्हणाला, "आधी तपासतो तर खरं." त्याच्याकडे एक मीटर होतं. त्याने ते लावलं, स्विच खाडकन पडला, वीज तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा पडला. सात-आठ वेळा केलं. मीटरवरचा आकडा मला दाखवत म्हणाला, "डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतोय. हा बदलायला सांगणाऱ्याला विजेतलं काही कळत नाही."

बाबा मागे उभे होते. काठी न घेता आले होते, म्हणून मला चाहूल लागली नाही. त्यांनी त्याला विचारलं, "मग नऊ वर्षांपूर्वी का नाही पडला?"

तो म्हणाला, "आजोबा, असा स्विच त्या दिवशी बिघडतो आणि मग नऊ वर्षं नीट चालतो, असं मी तरी पाहिलेलं नाही. त्या दिवशी वीज याच्यातून गेलीच नसेल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चहा टाकते.

शिडी बसवायला तो सत्तावीसला येणार आहे. सगळं ठरल्याप्रमाणे होईल. काळजी करू नकोस.

ताई


२० नोव्हेंबर

बारक्या,

कालचं पत्र टाकून घरी आले आणि कळलं की मी तुझ्यापुढेही चहाच टाकला. आज शुक्रवार. नर्सबाई येऊन गेल्या. थर्मामीटर बारावर होता. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे आणि समोर फ्रिज आहे.

तुझी चिठ्ठी आठवते ना तुला? घराची वायरिंग केलीस तेव्हा सगळी सॉकेट तू सेफ्टी स्विचवर घेतलीस, एक सोडून. स्विच पडला आणि घरी कुणी नसलं तर फ्रिजमधलं सगळं नासेल, म्हणून फ्रिजची लाइन वेगळी ठेवलीस. वर चिठ्ठी चिकटवलीस आणि आम्हा तिघांना उभं करून सांगितलंस, "इथे दुसरं काही लावायचं नाही." मी तेव्हा म्हटलं होतं, हो मास्तर.

आईला थंडी सोसायची नाही. मी तिला तो छोटा पंख्याचा हीटर आणून दिला होता आणि तू दोनदा तो बाथरूममधून उचलून बाहेर ठेवलास. तू नसताना ती पॅसेजमधल्या सॉकेटला वायर लावून दाराखालून आत घ्यायची, आणि वाफ झाली की स्विच पडायचा. दर वेळी. ती ओल्या अंगाने कुडकुडत हाका मारायची. तू म्हणालास, स्विच पडतो आहे म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे. मला वाटलं, तुला आईपेक्षा तुझा स्विच प्यारा.

त्या दिवशी बाबा बँकेत गेले होते, तू कामावर. मला दुकानात जायचं होतं, उशीर झाला होता. आई म्हणाली, "आज तरी मधेच बंद पडू देऊ नकोस गं." मी फ्रिज सरकवला, त्याची पिन काढली आणि हीटरची लांब वायर तिथे लावली. तुझी चिठ्ठी माझ्या बोटाखाली होती. मी ती वाचली आणि लावली.

आईने ओल्या हाताने हीटर बाजूला सरकवला. बाकी तुला माहीत आहे.

मी धावत येऊन पिन उपटली. तिला दवाखान्यात पोचवल्यावर तिचे कपडे न्यायला घरी आले, तेव्हा फ्रिजची पिन परत लावली, फ्रिज मागे ढकलला आणि वायरचं टोक पॅसेजमधल्या सॉकेटपाशी टाकून दिलं. ठरवून केलं का? हो, ठरवून केलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण पिशवीतले कपडे मी नीट घडी घालून भरले होते.

तू तीन दिवस त्या बोर्डापुढे बसलास. स्विच दाबत होतास आणि तो पडत होता. "मग त्या दिवशी का नाही पडला?" असं तू मोठ्याने विचारायचास, आणि मी मागच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की वायर कुठे लावली होती. ती गेल्यानंतर बाबा तुला म्हणाले, "तुझ्या स्विचने काम केलं असतं तर ती आज उभी असती. पुन्हा या घरात पक्कड घेऊन पाऊल टाकायचं नाही." तेव्हा मी दारात होते. तू हातातली पक्कड चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि गेलास. मी तोंड उघडलं असतं तर तू जिन्यातूनच परत आला असतास.

नंतर ऐकलं की तू वायरमनचं काम सोडलंस. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मागच्या आठवड्यात तुझी ती ओळ वाचली, "तो भरवशाचा नाही", तेव्हा कळलं. स्वतःच्या हातांवरचा भरवसा तू मी केलेल्या गोष्टीमुळे घालवून बसला आहेस.

तुझा स्विच चांगला होता. परवा सात-आठ वेळा पडला. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

ताई


२६ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं उत्तर नाही. नसेलच. तरी लिहिते, कारण पुढे जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

मंगळवारी मी बाबांना सांगितलं. सकाळी, टेबलाशी, तुला लिहिलं तेवढं सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा मागितला. दिला. काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि मला फ्रिज सरकवायला लावला. वाकता येत नाही म्हणून भिंतीला टेकत टेकत खाली बसले आणि तुझी चिठ्ठी वाचली. दोनच शब्द, पण शाळेतल्या मुलासारखी बोट फिरवत वाचली.

मग म्हणाले, "मी तुझ्या आईला गमावलं ते गमावलं. तू माझा मुलगाही नेलास." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांना उठवायला मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. फ्रिजला धरून उठले.

तीन दिवस झाले, माझ्या हातचं काही खात नाहीत. शेजारच्या काकू डबा देतात तो खातात. चहा स्वतः करतात, निम्मा ओट्यावर सांडतो, आणि मी पुसायला गेले की फडकं हातातून काढून घेतात. आंघोळीआधी मेन मात्र अजूनही ओढतात. मी विचारलं, "आता कशाला बाबा?" तर म्हणाले, "घरात तू आहेस ना."

उद्या वायरमन येणार. शिडी बसली की निदान मंगळवारच्या अहवालाचं संकट टळेल. माझं काय व्हायचं ते नंतर होवो.

ताई


२८ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही. काकू बाबांजवळ बसतील, मी उद्या सकाळच्या बसने येऊन तुझ्या दाराखालून आत सरकवेन. दार वाजवणार नाही. घाबरू नकोस.

काल वायरमन आला तेव्हा बाबा बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. अंगावर कोट, गळ्यात मफलर, मांडीवर काठी आडवी. म्हणाले, "तुम्ही चांगले कारागीर आहात, पण या खोलीत हात फक्त माझ्या मुलाचा लागेल." वायरमनने मला विचारलं, "कुठे असतो तो?" मी सांगितलं, तीन तासांवर, गोदामात खोकी मोजतो. त्याने एकदा बोर्डाकडे पाहिलं, सामान आवरलं आणि गेला.

नर्सबाई तेव्हा तिथेच होत्या. त्यांनी बाबांना दम भरला. मंगळवारी दहा वाजता थर्मामीटर बघणार, बावीस असेल तर असेल, नसेल तर वृद्धाश्रमाची गाडी मागवणार. बाबा म्हणाले, "मागवा. मी त्याच्याशिवाय आत जायचा नाही." बारक्या, ते हटणार नाहीत. तुला माहीत आहे ते कसे आहेत, तू तर त्यांचीच प्रत आहेस. मी त्यांच्या पाया पडले, तुझ्याही पडते. शिडी तापायला दोन तास लागतात, हे तूच लिहिलंस. म्हणजे सोमवारपर्यंत तरी यायला हवंस.

मी घरात असल्यामुळे येणार नसशील तर तसं काकूंना फोनवर कळव. मी बॅग भरून ठेवली आहे, मैत्रिणीकडे जाईन. तुझ्यासमोर येणार नाही. खोकं पॅसेजमध्ये आहे, स्क्रू आणि ते दोन फुकटचे हुक आतच आहेत. बाहेरची भिंत विटांची, हे लिहिलंच आहे.

आता बाबा कागद मागत आहेत. खाली त्यांना काहीतरी लिहायचं आहे, आणि ते मी वाचायचं नाही असं बजावलं आहे. पाकीटही तेच बंद करणार.

ताई


चि. बारक्यास,

अक्षर वाकडं येतं, समजून घे. मी चुकलो. तू असलास तर मेन बंद करणार नाही. ताईला मी घराबाहेर काढलेलं नाही आणि काढणारही नाही, पण तिच्याशी कसं बोलायचं ते मला येत नाही, ते तू येऊन ठरव.

पक्कड आणू नकोस. तुझी माझ्या कपाटात आहे. दर महिन्याला तेल देतो.

बाबा